हरमलात बसून आयटीची नोकरी: नेट, करंट आणि दुसरी वाट

१६ मे २०२१ चा रविवार पेडणे तालुक्यात अजून कुणी विसरलेलं नसेल. तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याला घासून गुजरातकडं सरकलं. मागं राहिली ती उन्मळलेली झाडं, मोडलेले खांब आणि रस्त्यावर लोंबणाऱ्या तारा. कोविडची दुसरी लाट चालू होती. पुणे, मुंबई, बंगळुरूला आयटीत असलेली पुष्कळ मुलं घरी येऊन खोलीत लॅपटॉप मांडून बसली होती. सोमवारी सकाळी त्यांच्या कंपन्या नेहमीसारख्या सुरू झाल्या. इकडं मात्र कित्येक वाड्यांवर वीज परत यायला दिवस लागले.

वादळ गेलं, पण त्यानं विचारलेला प्रश्न अजून तसाच आहे. नोकरी न सोडता गावात राहता येईल का? नियमाची अडचण आता फारशी उरलेली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आणि नंतर जून २०२१ मध्ये दूरसंचार विभागानं आयटी आणि कॉल सेंटर कंपन्यांवरच्या अटी सैल केल्या आणि घरून काम करण्याची वाट मोकळी झाली. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा विमानतळाचं उद्घाटन झालं, त्यामुळं महिन्यातून एकदा ऑफिसात तोंड दाखवून येणंही जमण्यासारखं झालं. तुयेंची इलेक्ट्रॉनिक सिटी हा वेगळा विषय, तो मुख्यतः उत्पादनाचा. सॉफ्टवेअरवाल्याला घरीच ऑफिस उभं करायचं आहे. ऑफिसात नेट गेलं की दोष कंपनीचा असतो, घरी गेलं की तो आपला होतो. दोन-तीनदा मीटिंगमधून गायब झालं की मॅनेजर "परत पुण्याला ये" म्हणायला मोकळा!

खालची माहिती हरमल डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. शिरोडा-रेडी, दोडामार्ग, डिचोली, चंदगडकडच्या वाचकांनाही बरीचशी लागू पडेल.

दोन सिम म्हणजे दोन वाटा नव्हेत

घरी फायबर आणि खिशात दोन कंपन्यांची दोन सिम, एवढं असलं की आपण निर्धास्त होतो. इथंच घोळ आहे. गावात दोन-तीन कंपन्यांचे अँटेना पुष्कळदा एकाच टॉवरवर असतात. टॉवर एक, त्याची वीज एक, बॅटऱ्याही त्याच. करंट गेल्यावर काही तासांनी बॅटरी उतरली आणि डिझेल पोचलं नाही, की दोन्ही सिम बरोबरच मुकी होतात. तुमच्या घरची फायबर ज्या खांबांवरून येते त्याच खांबांवरून टॉवरची फायबरही जात असेल, तर एक माड आडवा पडला की तिन्ही सोयी बसल्या. फोनवर पूर्ण दांड्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही, असं झालं तर टॉवर जिवंत आहे पण त्याच्या मागची फायबर तुटली आहे, ही शक्यता धरा.

म्हणून वाटा मोजताना कंपनीचं नाव बघू नका. खांब, टॉवर आणि वीज बघा. यासाठी महाग उपकरण लागत नाही. कनेक्शन घेतलं त्या माणसाला विचारा, वायर कुठून कुठं जाते. एक दिवस स्वतः त्या वायरीखालून चालत जा. फोन कोणत्या सेलला जोडलेला आहे ते दाखवणारी फुकट अॅप्स मिळतात. दोन्ही सिमवर बघा आणि लिहून ठेवा. सगळ्यात खरी माहिती पुढच्या वेळी करंट जाईल तेव्हा मिळते. कोणतं सिम किती वाजता मेलं याची नोंद करा. अशा तीन-चार नोंदी झाल्या की तुमच्या वाड्याचा नकाशा तयार होतो.

इथं सीमेवर राहण्याचा एक फायदा आहे, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तेरेखोल नदीच्या अलीकडं गोव्याचं वीज खातं, पलीकडं महावितरण. केरी किंवा किरणपाणीच्या बाजूला घर असेल तर एखादं सिम नदीपलीकडचा, रेडी-आरोंद्याच्या बाजूचा टॉवर पकडतं का ते बघा. पकडत असेल तर तुम्हाला खरोखरची दुसरी वाट मिळाली, कारण त्या टॉवरची वीज वेगळ्या तारेवरून येते. अलीकडं 'करंट गेलो' असं म्हणत असताना पलीकडं 'लाईट' असू शकते! महाराष्ट्र आणि गोवा हे दूरसंचाराचं एकच सर्कल आहे, त्यामुळं यात रोमिंगचा प्रश्नच नाही. दोडामार्ग-डिचोलीच्या सीमेवरही हाच हिशेब करता येईल. बेळगाव-चंदगडकडं मात्र सर्कल बदलतं. खिडकीजवळ फोन ठेवून हॉटस्पॉट लावा, खोलीच्या मध्यभागी नव्हे. जांभ्याच्या जाड भिंती सिग्नल खातात.

दुसऱ्या सिमवर दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर तो मनाच्या समाधानापुरता. व्हिडिओ मीटिंग तासाला एक जीबीच्या आसपास खाते. कॅमेरा बंद ठेवून नुसत्या आवाजावर बसलात तर तोच पॅक दिवसभर पुरतो. आणि नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत संध्याकाळी मोबाइल नेटवर विसंबू नका. टॉवरची क्षमता ठरलेली असते आणि किनाऱ्यावरचे सगळे फोन तिचेच वाटेकरी असतात.

कनेक्शन घेताना शंभर एमबीपीएस, दोनशे एमबीपीएस या आकड्यावर भुलू नका. मीटिंगला वर जाणारा वेग तीन-चार एमबीपीएस मिळाला तरी भागतं. आवाज तुटतो तो बहुधा वेग कमी म्हणून नाही, डेटा वेळेवर पोचत नाही म्हणून. टर्मिनल उघडून दहा मिनिटं पिंग चालू ठेवा. आकडे वीस-तीसवरून मधेच तीनशेवर उड्या मारत असतील, तर दोनशेचा प्लॅन घेऊनही रडायचीच वेळ येणार. छोट्या केबलवाल्यांकडं आणि मोबाइलवर अनेक गिऱ्हाईकांना एकच सार्वजनिक आयपी वाटून दिलेला असतो. क्लायंटनं तुमचा आयपी नोंदवून मगच सर्व्हरला हात लावू द्यायचं ठरवलं असेल, तर स्टॅटिक आयपी मिळेल का हे आधीच विचारा.

अमेरिकेतल्या सर्व्हरवर टाईप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, त्यात केबलवाल्याचा दोष नाही. तिथं जाऊन परत यायलाच दोनशे मिलिसेकंदांच्या वर लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या, तेव्हा भारतातलं नेट मंदावलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अॅझूरवरही परिणाम झाला. अशा दिवशी राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. उपग्रहावरच्या नेटचीही चर्चा आहे. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. पण परवाना मिळाला म्हणजे डिश घराच्या छपरावर बसली असं नव्हे, तोवर नदीपलीकडचा टॉवर बरा.

करंटचा हिशेब

लॅपटॉप ६५ वॅट, फायबरचा डबा आणि राउटर मिळून २०, पंखा ६०, एक दिवा १०. म्हणजे दीडशे वॅट. १२ व्होल्टची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. पण तिला तळापर्यंत उतरवायची नसते, शिवाय इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो. हातात हजाराच्या आतबाहेर येतात, म्हणजे सहा-साडेसहा तास. जुन्या बॅटरीचं गणित याच्या निम्मं धरा. इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटण असतं. डेस्कटॉप वापरत असाल तर ते त्या बाजूला हवं, नाहीतर दर वेळी मशीन रीस्टार्ट होईल.

राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी वेगळा छोटा डीसी यूपीएस घ्या. हाताएवढा असतो, १२ व्होल्ट देतो, दोन-अडीच तास चालतो. इन्व्हर्टर दगा देतो त्या दिवशी तोच वाचवतो. गोव्यात वीज तक्रारीला १९१२ आहे. तक्रार नंबर घ्या आणि तो मॅनेजरला पाठवा. "लाईट नाही" या वाक्यापेक्षा त्या नंबराला वजन असतं.

आता अर्थिंगचं. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात इकडं विजा पडतात आणि दर वर्षी कुणाचा ना कुणाचा राउटर जातो. फायबर काचेची असते, तिच्यातून विजेचा झटका येत नाही. तो येतो अॅडॅप्टरमधून, नाहीतर छपरावरून आणलेल्या तांब्याच्या लॅन वायरीतून. झटका जमिनीत उतरायला अर्थिंग चांगलं लागतं, आणि आपला जांभा उन्हाळ्यात कोरडा ठक्क होतो. कोरड्या जांभ्यात अर्थिंग नावापुरतंच उरतं. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून एप्रिल-मेमध्ये पाणी ओतत राहणं ही जुन्या वायरमनांची सांगी खरी आहे. वायरमनकडून मीटर लावून मोजून घ्या, पाच ओहमच्या आत असेल तर ठीक. आणि गडगडायला लागलं की स्विच बंद करून थांबू नका, पिन उपटून ठेवा.

हरमलच्या किनाऱ्याजवळ घर असेल तर खाऱ्या हवेचं वेगळंच दुखणं. लॅन वायरीच्या टोकावरचे पितळी दात हिरवे पडतात, यूएसबीची भोकं गंजतात, नेट मधेच सुटतं आणि आपण कंपनीला शिव्या देत बसतो. वर्षातून एकदा टोकं कापून नवीन बसवून घ्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. पावसाळ्यात न वापरलेला लॅपटॉप कपाटात कोंडून ठेवू नका, बुरशी धरते.

पाहुण्यांचं वायफाय

हरमल, मांद्रे, मोरजीत बऱ्याच घरांत दोन-तीन खोल्या भाड्यानं असतात. पाहुणा आला की पहिला प्रश्न पासवर्डचा. तो कागदावर लिहून दाराला चिकटवलेला असतो, आणि त्याच वायफायवर घरच्या मुलाचा कंपनीचा लॅपटॉप चालू असतो. यात लॅपटॉपला धोका आहेच. शिवाय तुमच्या कनेक्शनवरून कुणी फसवणुकीचा उद्योग केला, तर पोलीस पहिल्यांदा ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्याकडं येतात.

साधा उपाय म्हणजे राउटरमधलं गेस्ट नेटवर्क चालू करा आणि पाहुण्यांना तेवढंच द्या. त्याहून बरं, खोल्यांसाठी वेगळं कनेक्शन. त्याचा खर्च खोल्यांच्या धंद्यात जातो. राउटरचा कंपनीनं दिलेला मूळ पासवर्ड आजच बदला. आणि किनाऱ्यावरच्या कॅफेत बसून काम करायची हौस असेल तर व्हीपीएनशिवाय बसू नका. क्लायंटचं नाव मोठ्यानं घेऊन फोनवर बोलूही नका, शेजारच्या टेबलावर कुठल्या गावचा, कुठल्या कंपनीचा माणूस बसलाय सांगता येत नाही.

स्वतः दोन-चार क्लायंटचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी सर्ट-इनचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश वाचलेला असावा. घुसखोरी किंवा डेटा चोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे, अशी त्यात अट आहे. सहा तास म्हणजे 'उद्या बघूया' नाही. स्वतःच्या खात्यातून पैसे गेले तर मात्र १९३० ला लगेच फोन, तिथं मिनिटं मोजली जातात.

मशीन बसलं तर?

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राईकच्या एका चुकीच्या अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडं विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ऑफिसात बसणाऱ्यांकडं आयटीचा माणूस येऊन मशीन दुरुस्त करून गेला. घरून काम करणाऱ्याला तो माणूस मिळत नाही आणि मशीन चालूच होत नसल्यानं लांबूनही हात घालता येत नाही. फोनवर ऐकत ऐकत सेफ मोडमध्ये जाऊन फाईल उडवायची, आणि डिस्क बिटलॉकरनं बंद असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की हवी. ती की कंपनीकडून कशी मिळते, कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे लॅपटॉपमध्ये लिहून ठेवून उपयोग नाही. कागदावर किंवा फोनमध्ये ठेवा. जुना घरचा लॅपटॉप जोडीला ठेवला असेल तर त्यावर अजून विंडोज १० आहे का तेही बघा. १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा नेहमीचा आधार संपला आहे.

पगारपत्रक आणि बिलं

व्यवसाय कर गोव्यात नाही. महाराष्ट्रात दहा हजारांवर पगार असेल तर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, वर्षाला २,५०० कापले जातात. महिलांना २५ हजारांपर्यंत माफ. कर्नाटकातही तो आहे. पुण्याच्या कंपनीत नोकरी आणि घर हरमलात असेल, तर कंपनीच्या नोंदीत तुमचं कामाचं ठिकाण कोणतं आहे ते एचआरला लेखी विचारा. अडीच हजारांसाठी नव्हे. उद्या विमा, रजा, बदली यांचा वाद झाला की हाच पत्ता पुढं येतो.

स्वतंत्र काम करणाऱ्यांना सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, क्लायंट दुसऱ्या राज्यातला असला तरी. त्यावर गेलात आणि परदेशी काम असेल तर दर वर्षी एलयूटी भरायला विसरू नका, नाहीतर कर आधी भरून नंतर परताव्याची वाट बघत बसावं लागतं. परदेशातून पैसे आले की बँकेकडून त्याचा दाखला घेऊन ठेवा, तीन वर्षांनी तो शोधणं कठीण जातं.

पाऊस लागायच्या आधी एक करून बघा. मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी सकाळी दहाला घरचा मेन स्विच खाली करा, एका मित्राला व्हिडिओ कॉल लावा आणि दुपारी दोनपर्यंत तो चालू ठेवा. काय आधी बंद पडतं ते लिहून काढा. पुष्कळ घरांत पहिला जातो तो फायबरचा डबा, कारण त्याची पिन इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावलेलीच नसते.