ध्वनींचा संगम

कऱ्हाडास कृष्णा व कोयना या दोन नद्या समोरासमोरून येऊन भिडतात आणि तेथून एकच प्रवाह पूर्वेकडे वळतो. संगमाच्या खालच्या अंगास उभ्या राहिलेल्या माणसाला ओंजळींतलें पाणी कृष्णेचें कीं कोयनेचें, हें सांगतां यावयाचें नाहीं. नभोवाणीच्या केंद्रांत ज्या मेजाला मिक्सिंग कन्सोल म्हणतात, त्यावर नेमका हाच व्यवहार चालतो. वक्त्याचा आवाज, तंबोऱ्याचा नाद, तबकडीवरचें गीत, दूरच्या गांवाहून तारेनें आलेली वार्ता, हे सारे प्रवाह तेथें एकत्र होतात आणि एकदां मिसळले कीं पुन्हां वेगळे निघत नाहींत. म्हणून जें कांहीं सांभाळावयाचें, तें संगमाच्या अलीकडेच सांभाळावें लागतें.

मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें उघडलें. प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅटचा; त्याचा खात्रीचा टप्पा तीस मैलांच्या आसपास. ओगलेवाडीच्या कारखान्यांतली कांच तेव्हां दूरदूर जात होती, पण मुंबईचें भाषण ओगलेवाडीस स्वच्छ ऐकूं येण्याचा प्रश्नच नव्हता. कंपनी १९३० सालीं बुडाली, सरकारनें कारभार हातीं घेतला, आणि ८ जून १९३६ पासून त्या संस्थेस ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें.

त्या काळच्या कन्सोलची रचना वरवर पाहतां सोपी होती. मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत्प्रवाह अत्यंत क्षीण, एका व्होल्टाच्या हजारांश भागाच्या मापाचा. तो वाढवावयाचा, फेडर नांवाच्या फिरत्या बटणानें कमीअधिक करावयाचा आणि इतरांत मिळवावयाचा. खरी अडचण तारांची. इतक्या क्षीण प्रवाहाच्या शेजारून दिव्याची तार गेली, कीं विजेचा सेकंदाला पन्नास वेळां येणारा हेलकावा खर्जांतल्या गुणगुणाटाच्या रूपानें गायकाच्या षड्जाशीं स्पर्धा करूं लागतो. यावर निघालेला तोडगा मोठा चतुर आहे. आवाज एका तारेनें न नेतां दोन तारांनीं न्यावयाचा. एकीवर सुलट, दुसरीवर उलट. वाटेंत शिरलेला गुणगुणाट मात्र दोहींवर सारखाच असतो. शेवटीं दोहोंमधला फरक घेतला कीं आवाज दुणावतो आणि गुणगुणाट वजा होऊन जातो. या जोडीवर तांब्याच्या जाळीचें वेष्टण असतें व तें जमिनीस जोडतात. तेंही विचारानें जोडावें लागतें. दहा ठिकाणीं जमीन दाखविणारा उत्साही वायरमन पुष्कळदां गुणगुणाट स्वतःच्याच हातानें आंत घेतो. स्टुडिओच्या दारावरचा तांबडा दिवा पुष्कळांनीं पाहिलेला असतो. तो केवळ येणाऱ्यास मज्जाव करण्यासाठीं नव्हे. मायक्रोफोन उघडतांच दिवा लागतो आणि त्याच कळीनें खोलींतला लाउडस्पीकर मुका होतो; न झाला तर आवाज पुन्हां मायक्रोफोनांत शिरून कर्णकटु किंकाळी उठते.

तारा कोणी जोडल्या, हें ज्ञान किती मोलाचें असतें याचा प्रत्यय १९४२ सालीं आला. त्या ऑगस्टांत सातारा जिल्ह्यांत कचेऱ्यांवर मोर्चे निघूं लागले होते. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार होऊन नऊ जण हुतात्मे झाले. वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी चालू असतां मुंबईंत उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर यांनीं २७ ऑगस्टपासून गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. लांबी ४२.३४ मीटर. पोलिसांस सुगावा लागूं नये म्हणून यंत्रें एका इमारतींतून दुसरींत हलवीत व प्रत्येक वेळीं सारी जोडणी नव्यानें करीत. भाषणें आधीं तबकड्यांवर मुद्रित होत, म्हणजे बोलणारा आणि प्रक्षेपक एका ठिकाणीं सांपडत नसत. जोडणी जाणणारा एक तंत्रज्ञ मात्र त्यांच्यांत होता. तो हातीं लागला, त्यानें वाट दाखविली, आणि १२ नोव्हेंबरला कार्यक्रम चालू असतांच पोलीस दार फोडून आंत शिरले. उषा मेहतांस चार वर्षांची शिक्षा झाली.

पुण्याचें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला निघालें. तेथून १९५५-५६ सालीं ‘गीतरामायणा’चीं छप्पन्न गीतें आठवड्यामागून आठवडा प्रसृत झालीं. कवि गदिमा माणदेशचे, संगीतकार सुधीर फडके कोल्हापूरचे. तेव्हां कृष्णाकांठीं तीं घरचींच वाटलीं यांत नवल नाहीं. सांगलीचें केंद्र १९६३च्या ऑक्टोबरांत सुरू झालें आणि कऱ्हाडास आपल्या बोलीचा आवाज जवळून ऐकूं येऊं लागला.

यानंतरचा मोठा पालट डिजिटल कन्सोलचा. येथें आवाज मायक्रोफोनजवळच सेकंदास ४८,००० वेळां मोजला जातो व पुढें केवळ आंकडे वाहतात. संगणकाच्या जाळ्याची एक सडपातळ तार शेंकडों जोड्यांचें काम करते. १९८५ सालीं अशा आंकड्यांच्या देवघेवीचा पहिला सर्वमान्य संकेत ठरला; निरनिराळ्या कारखान्यांचीं यंत्रें एकाच जाळ्यावर बोलूं शकतील असा संकेत २०१३त आला. गुणगुणाटाचें भय पुष्कळ कमी झालें, पण नवीं दुखणीं आलीं. मोजणाऱ्या साऱ्या यंत्रांचें घड्याळ एकच असावें लागतें. दोघांनीं आपापलें घड्याळ मानलें कीं आवाजांत टकटक सुरू होते. जुनें यंत्र अति जोरानें घोगरें होई, नवें एकदम तुटतें. म्हणून माथ्याखालीं अठरा-वीस डेसिबलांची मोकळीक राखून ठेवतात. दूरध्वनीवरून बोलणाऱ्या श्रोत्याकडे त्याचा स्वतःचा आवाज वगळून बाकी सर्व परत धाडावें लागतें, नाहींतर स्वतःचाच मागाहून येणारा प्रतिध्वनि ऐकून तो अडखळतो.

सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी, कीं या मेजांत आवाज मुळीं येतच नाहीं. बोटाखालचा फेडर दुसऱ्या खोलींतल्या यंत्रास हुकूम तेवढा पाठवितो. कोणती कळ कोणाची, तांबडा दिवा केव्हां लागावा, कोणता लाउडस्पीकर केव्हां मुका व्हावा, हें पूर्वीं तारेनें ठरे; आतां तें एका लेखांत लिहून ठेवलेलें असतें. तो लेख बिघडला तर साऱ्या तारा शाबूत असूनही मेज मुकें राहतें, आणि त्याचा परवलीचा शब्द एकाच माणसास ठाऊक असला तर तो माणूस गांवाला गेल्या दिवशीं केंद्राची जी अवस्था होते ती कल्पनेनेंच जाणावी.

सातारा जिल्ह्यांतच म्हसवड येथें २००८ सालीं माणदेशी महिलांनीं सामूहिक नभोवाणी सुरू केली. अशा केंद्रांचा प्रक्षेपक बहुधा पन्नास वॅटचा, म्हणजे १९२७च्या मुंबईच्या तिसाव्या हिश्श्याचा. आकार लहान असो वा मोठा, जाणता इंजिनिअर प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस क्रमांकाची चिठ्ठी बांधतो, जोडणीचा नकाशा कपाटाच्या दाराला आंतून चिकटवितो आणि त्या लेखाची एक प्रत निराळ्या जागीं ठेवतो. काँग्रेस रेडिओच्या मंडळींस असा नकाशा भिंतीवर लावणें परवडण्यासारखें नव्हतें. तो सांपडला असता तर न्यायालयांत पहिला पुरावा तोच झाला असता.