क्लच पूर्ण न सुटणे

क्लच पूर्ण न सुटणे हा हाताने गिअर बदलण्याची व्यवस्था असलेल्या वाहनांतील एक यांत्रिक दोष होय. पेडल तळापर्यंत दाबले तरी इंजिनाची गती गिअर बॉक्सपासून संपूर्णपणे विलग होत नाही. परिणामी पहिला किंवा मागचा गिअर टाकताना खरखर होते, गिअर जोर लावल्याशिवाय बसत नाही आणि पेडल दाबलेले असतानाही वाहन पुढे सरकू पाहते. जुन्या, झिजलेल्या क्लचमध्येही हा दोष आढळतो. परंतु नवी क्लच प्लेट बसवल्यानंतर लगेच तो उद्भवला, तर त्याची कारणे निराळी असतात आणि पुष्कळदा ती गिअर बॉक्स न उतरवता दूर करता येतात.

== शब्दांविषयी ==
या विषयात मराठी बोलीमुळे थोडा घोटाळा होतो. चालक ‘क्लच सोडला’ असे म्हणतो तेव्हा त्याने पेडलवरून पाय काढलेला असतो, म्हणजे क्लच जोडला गेलेला असतो. ‘क्लच सुटला’ असे मेकॅनिक म्हणतो तेव्हा प्लेट मोकळी झालेली असते, म्हणजे नेमके उलट घडलेले असते. प्रस्तुत लेखात ‘सुटणे’ हा शब्द दुसऱ्या अर्थाने योजला आहे. ‘क्लच घसरणे’ हा तर याच्या विरुद्ध दोष आहे. त्यात प्लेट पुरेशी धरली जात नाही, इंजिन जोराने फिरते आणि गाडी वेग घेत नाही.

== रचना व कारणमीमांसा ==
इंजिनाच्या टोकाशी फ्लायव्हील असते. त्यावर बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगच्या जोराने क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. क्लच प्लेटच्या मध्यभागी खाचा असतात व त्यांतून गिअर बॉक्सचा दंड जातो. पेडल दाबले की वायर किंवा तेलाचा दाब फोर्कला हलवतो, फोर्क रिलीज बेअरिंग पुढे ढकलतो, बेअरिंग स्प्रिंगची बोटे दाबते आणि प्रेशर प्लेट मागे हटते.

येथे अंतरे फार लहान असतात. पेडल साधारणपणे १२ ते १५ सें.मी. खाली जाते, तेव्हा रिलीज बेअरिंग १ सें.मी.च्या आसपास सरकते आणि प्रेशर प्लेट एखाद-दोन मि.मी.च मागे जाते. वाटेत कोठेही थोडी चाल वाया गेली, तर प्लेट मोकळी होण्यास उरलेले अंतर पुरत नाही.

क्लच बदलल्यावरच हा दोष का दिसतो, याचे उत्तरही याच अंतरांत आहे. प्लेट झिजून पातळ होत जाते, तसतशी स्प्रिंगची बोटे बेअरिंगच्या दिशेने सरकतात आणि पेडलची मोकळी चाल कमी होते. म्हणून मेकॅनिक वेळोवेळी क्लच वायर सैल करीत आलेला असतो. नवी, जाड प्लेट बसल्यावर बोटे पुन्हा फ्लायव्हीलकडे जातात. वायर मात्र जुन्याच मापावर राहिली, तर पेडलची बरीचशी चाल नुसती ढिलाई भरून काढण्यात खर्च होते. भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ वापरात राहिलेल्या मारुती ८००सारख्या वायरच्या क्लचच्या गाड्यांत सर्वप्रथम हेच पाहावे. नट फिरवण्याचे काही मिनिटांचे काम न केल्यामुळे गिअर बॉक्स दुसऱ्यांदा उतरवला जातो आणि मजुरी कोणी सोसायची यावरून मालक व कारागीर यांच्यात वाद होतो.

== तपासणीचा क्रम ==
इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर दोष क्लचकडे आहे असे समजावे. इंजिन बंद असतानाही गिअर जड पडत असतील, तर गिअरचा दांडा, त्याच्या जोडण्या किंवा गिअर बॉक्स तपासावा. दुसरी कसोटी मागच्या गिअरची. गाडी उभी, इंजिन मंद गतीवर, पेडल पूर्ण दाबून पाच-दहा सेकंद थांबावे आणि मग मागचा गिअर टाकावा. तरीही खरखर झाली, तर गिअर बॉक्सचा दंड अद्याप फिरत आहे हे निश्चित.

पेडल दोन-तीन वेळा भराभर दाबल्यावर गिअर नीट पडत असेल, तर तेलाच्या यंत्रणेत हवा शिरली आहे किंवा मास्टर अथवा स्लेव्ह सिलिंडरचे रबरी सील गळत आहे. अशा वेळी हवा काढून टाकावी आणि वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेलेच ब्रेक ऑइल भरावे. इंजिन ऑइल भरल्यास रबर फुगून संपूर्ण यंत्रणा निकामी होते. हवा काढूनही पेडल मऊच लागत असेल, तर रबरी नळी दाबाने फुगते काय, हे साहाय्यकाकडून पेडल दाबवून पाहावे. स्लेव्ह सिलिंडरची दांडी किती बाहेर येते हे पट्टीने मोजणे सर्वांत उपयुक्त. ती पुस्तिकेतील मापाइतकी येत असेल, तर दोष आत आहे. कमी येत असेल, तर गिअर बॉक्सला हात लावण्याचे कारण नाही.

== आतील दोष ==
प्लेट उलटी बसणे ही सर्वांत परिचित चूक होय. प्लेटच्या मधल्या भागाची एक बाजू फुगीर असते व तिच्यात छोट्या स्प्रिंगा असतात. ही बाजू बहुधा गिअर बॉक्सकडे यावी लागते. ती फ्लायव्हीलकडे गेल्यास बोल्टांना टेकते आणि प्लेट कधीच मोकळी होत नाही. दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही. गिअर बॉक्स बसवताना त्याचे वजन क्षणभर जरी दंडावर लोंबकळले, तरी पातळ प्लेट वाकते. अशी प्लेट दाबातून सुटली, तरी फिरताना एका बाजूने घासत राहते.

दंडाच्या खाचा गंजलेल्या असतील, तर प्लेट त्यांवरून सरकत नाही. तेथे ग्रीस अगदी पुसट लावावे. जास्त झाल्यास ते उडून अस्तरावर जाते आणि क्लच घसरू लागतो. फ्लायव्हीलच्या मध्यावरील पायलट बेअरिंग जाम असेल, तर प्लेट मोकळी होऊनही दंड फिरतच राहतो. मात्र पुढील चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत हे बेअरिंग नसते. फ्लायव्हील लेथवर घासून घेतलेले असल्यास प्रेशर प्लेट बेअरिंगपासून तेवढी दूर जाते. फोर्क आपल्या टेकूवरून निसटणे किंवा वाकणे, तसेच दुसऱ्या प्रतिकृतीची प्लेट बसवली जाणे, हीही कारणे आढळतात.

आतील भाग उघडताना धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने पुसणे सुरक्षित.

== वाशिम जिल्ह्यातील संदर्भ ==
१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशिम हा शेतीप्रधान जिल्हा असून सोयाबीन व तूर ही येथील प्रमुख पिके आहेत. त्यामुळे मोटारीइतकाच ट्रॅक्टरचा क्लच हा येथील जिव्हाळ्याचा विषय आहे. सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीसमोरच्या रांगेत भरलेली ट्रॉली पावलापावलाने पुढे घेताना, किंवा रामनवमीला मानोरा तालुक्यातील पोहरादेवीच्या वाटेवरील गर्दीत, क्लच सतत दाबावा लागतो. अकोल्याहून पातूर व मेडशीमार्गे मालेगावकडे येणारा रस्ता चढाचा आहे. तेथे अर्धवट दाबलेल्या क्लचवर गाडी रेटल्यास प्लेट तापून वाकू शकते. याउलट पावसाळ्यात काही आठवडे उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची प्लेट गंजामुळे फ्लायव्हीलला चिकटते. क्लच नुकताच बदललेला असला, तरी हे घडू शकते.

ट्रॅक्टरमध्ये प्लेट बदलण्यासाठी इंजिन व गिअर बॉक्स यांची जोड उघडून यंत्राचे दोन भाग करावे लागतात, म्हणून चूक महागात पडते. अनेक ट्रॅक्टरांच्या प्रेशर प्लेटला स्वतंत्र बोटे असतात व त्यांची उंची मापाने एकसारखी करावी लागते. एक बोट जरी खाली-वर राहिले, तरी प्लेट तिरपी सुटते. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल अर्धे दाबल्यावर चाकांची गती तुटते, तर पूर्ण दाबल्यावर मळणी यंत्र किंवा रोटाव्हेटर फिरवणाऱ्या पीटीओ दंडाची गती तुटते. या दुसऱ्या टप्प्याची जुळणी चुकल्यास पेडल दाबूनही दंड फिरतच राहतो आणि त्यात कपडा किंवा हात अडकण्याचा धोका असतो. त्यामुळे क्लच बदलल्यानंतर ट्रॅक्टरला यंत्र जोडण्यापूर्वी मोकळा पीटीओ चालू करून पेडल दाबावे आणि दंड थांबतो की नाही हे दुरून पाहावे.