ओनामा : धूळपाटीवरची पहिली अक्षरं

‘नव्या कामाचा ओनामा केला’ असं आपण सहज बोलून जातो. हा शब्द आलाय लहान मुलांच्या धूळपाटीवरून.

पूर्वी मुलाला अक्षरं शिकवायला बसवलं की आधी म्हणून घ्यायचे : ‘ॐ नमः सिद्धम्’. पोरांच्या तोंडी त्याचं झालं ‘ओनामासीधं’, आणि शेवटी उरला नुसता ओनामा. जैनांसाठी हा सिद्धांना नमस्कार. पण पंतोजींच्या शाळेतही ‘श्रीगणेशाय नमः’च्या जोडीला तो चालायचाच. आपल्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड घ्या. तिथल्या जैन मंदिरांत जपलेल्या पोथ्यांवरून डॉ. हीरालाल जैन यांनी १९३०च्या दशकात अपभ्रंश काव्यं उजेडात आणली. अशा पोथ्या लिहिणाऱ्या हातांची सुरुवातही ओनामानेच झाली असणार, असं मला वाटतं.

आणि हे फार जुनं आहे बरं का. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की इथली मुलं सहाव्या वर्षी ४९ अक्षरांचा पाठ सुरू करतात आणि सहा महिन्यांत संपवतात. त्या पाठाचं नावही ‘सिद्ध’वरूनच : सिद्धिरस्तु. जपानमध्ये बौद्ध मंत्र ज्या भारतीय लिपीत लिहितात, तिला आजही ‘सिद्धम्’ म्हणतात.

शिकवायची रीत साधी. पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचं आणि काढतानाच मोठ्याने म्हणायचं. डोळा, बोट, तोंड एकदम कामाला. आपल्याकडे ‘क’चं नाव आणि ‘क’चा आवाज एकच, त्यामुळे हे जमतं. इंग्रजीत ‘डब्ल्यू’ म्हणून पाहा, त्या नावात ‘व’चा आवाज सापडतो का? क, च, ट, त, प हा क्रमही घशापासून ओठांकडे येतो. म्हणून बघा, जीभ पुढे सरकत जाते.

घोळ होतो तो काना-वेलांटीत. ही चिन्हांची नावं, आवाज नव्हेत. ‘क ला काना’ पाठ झालं तरी ‘का’ ऐकू यायला वेळ लागतो. बाराखडी तालावर म्हणायचे ती त्यासाठीच.

अर्थात ही धूळपाटी सगळ्यांच्या पुढ्यात नव्हती. मुली आणि दलितांची पोरं बहुतेक ठिकाणी बाहेरच राहिली. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांना शेणाचे गोळे झेलावे लागले, ते याच अक्षरांपायी.

घरात चार-पाच वर्षांचं पोर असेल तर परातीत थोडा रवा पसरा. आधी ‘घर’, ‘कमळ’, ‘नथ’. काना-मात्रा नंतर.