कूटचा वेढा आणि शिपायाचा शिधा

लष्करी वैद्यकाचा इतिहास म्हटला की जखमी शिपाई, शस्त्रक्रियेचे टेबल आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा एवढीच चित्रे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. पण जुन्या युद्धांत गोळीपेक्षा रोगानेच अधिक माणसे नेली, हे ह्या विषयाचे पहिले सूत्र आहे. आज आम्ही ज्या प्रकरणाकडे श्रोत्यांचे लक्ष वेधणार आहोत, त्यात तर रोग पाण्यातून आला नव्हता, डासांनी आणला नव्हता. तो शिध्याच्या कोष्टकातून आला होता. आणि ज्या फौजेवर तो आला, तिचे नाव ‘सहावी पूना डिव्हिजन’ असे होते.

पहिल्या महायुद्धात ही डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेली. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे तिची तुर्कांशी घनघोर लढाई झाली. पुढचा मार्ग खुंटला आणि जनरल टाउनशेंडने टायग्रिस नदीच्या वळणातल्या कूट-अल्-अमारा ह्या गावी माघार घेतली. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. हे सुमारे १४५ दिवस होते. आत अडकलेल्या पलटणींत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी ह्या तीन मराठा पलटणी होत्या. देशावरची आणि कोकणातली पोरे खजुरीच्या बनात खंदक खणून बसली होती.

लढाईचा वृत्तांत इतरांनी पुष्कळ लिहिला आहे, म्हणून तो आम्ही सोडून देतो. आमचे लक्ष ताटाकडे आहे.

एकाच खंदकात दोन प्रकारचे शिपाई होते आणि त्यांची ताटे निराळी होती. गोऱ्या शिपायाला पांढऱ्या मैद्याचा पाव आणि मांस मिळे. हिंदी शिपायाला कणीक, डाळ आणि तूप. काही आठवडे गेले आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. गोऱ्यांच्या पायांना सूज येई, पाय लुळे पडत, छातीत धडधड होई. हा बेरीबेरी. हिंदी शिपायांना तो होईना. त्यांच्या हिरड्या सुजत, रक्ताळत, जुन्या जखमा भरत नसत, मांड्यांवर काळेनिळे डाग पडत. ही स्कर्व्ही. ती गोऱ्यांना जवळजवळ नाही. हवा एक, पाणी एक, शत्रू एक. रोग मात्र ताटाप्रमाणे वाटले गेलेले! एखाद्या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत मुद्दाम मांडावा असा हा प्रयोग तुर्कांच्या तोफांखाली आपोआप घडत होता. मुख्य वैद्यकीय अधिकारी पॅट्रिक हेहिर ह्यांनी त्याच्या नोंदी ठेवल्या, म्हणून तो आज आपल्याला कळतो.

पुढचे तर अधिकच बोलके आहे. फेब्रुवारीच्या सुमारास पांढरा मैदा संपत आला आणि गोऱ्यांच्या पावातही कणीक आणि जवाचे पीठ मिसळावे लागले. टंचाईने हलके अन्न पदरात पडले आणि त्याच अन्नाने बेरीबेरी हटला! जावामधील बटाव्हिया येथे आयकमन ह्या डच लष्करी डॉक्टरने १८९० नंतरच्या दशकात हेच कोंबड्यांवर पाहिले होते. इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला सडलेला पांढरा भात खाऊन त्याच्या कोंबड्या लुळ्या पडत. हातसडीच्या तांदळाने बऱ्या होत. धान्याचा कोंडा टाकून दिला की त्याबरोबर काहीतरी आवश्यक जाते, ही गोष्ट कूटच्या वेढ्याच्या वेळी तज्ज्ञांना ठाऊक होती. १९१२ साली फुंक ह्याने त्या ‘काहीतरी’ला व्हिटॅमिन हे नावही दिले होते. पण तज्ज्ञाचे ज्ञान कोठीवाल्याच्या कोष्टकापर्यंत पोचायला वेळ लागतो.

आता स्कर्व्हीकडे वळू. गोरे शिपाई घोड्यांचे आणि खेचरांचे ताजे मांस खात. ताज्या मांसात क जीवनसत्त्वाचा थोडा अंश असतो, तेवढ्याने ते तगले. हिंदी शिपायांनी घोडा खाण्यास नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांची संमती बिनतारी संदेशाने मागवण्यात आली, तरी एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेकांनी मांसाला हात लावला नाही. ह्यावरून इंग्रज लेखकांनी सरळ निकाल दिला की, शिपायाच्या धर्मभोळेपणाने त्याला स्कर्व्ही झाली. आम्हाला हा निकाल मान्य नाही. शिपायापुढे प्रश्न नुसता पोटाचा नव्हता. गावी परतल्यावर पंगतीत पाट कोण मांडील आणि लेकीला स्थळ कोण देईल, हाही होता. पण ते बाजूला ठेवू. वेढ्याच्या बाहेर, कूट सोडवायला आलेल्या फौजेत घोडा खाण्याचा प्रश्नच नव्हता; तरी १९१६ साली तेथेही हजारो हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाली. तेव्हा दोष शिध्याचा होता. शांततेच्या काळात हिंदी शिपाई पगारातून स्वतःचे जेवण भागवी. भाजी, कांदा, मिरची, चिंच बाजारातून आणी. परमुलखात युद्धावर गेल्यावर बाजार गेला आणि सरकारी कोष्टक उरले. त्यात पोट भरण्याची सोय होती. ताज्या हिरव्या वस्तूची जवळजवळ नव्हती.

कूटमध्ये नदीकाठचा रानपाला खुडून शिजवून वाटण्यात आला. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची पोती टाकली गेली. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून रसद पोचवण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. २४ एप्रिलला ‘जुलनार’ ही आगबोट २७० टन सामान घेऊन निघाली, ती तुर्कांनी पकडली. पाच दिवसांनी सारे संपले. कैदेच्या वाटेवर आणि छावण्यांत आणखी हजारो मेले. त्यांत स्कर्व्हीने आधीच खचलेले किती होते, ह्याचा हिशेब कोणी मांडला नाही.

बाहेरच्या फौजेला लिंबाचा रस दिला जात होता, मग तो का लागू पडला नाही? येथे एका जुन्या घोटाळ्याची फळे दिसतात. १७४७ साली जेम्स लिंड ह्याने बारा खलाशांवर निरनिराळे उपाय करून संत्री-लिंबांचा गुण दाखवला आणि १७९५ पासून इंग्रजी आरमारात लिंबाचा रस सुरू झाला. ते लिंबू भूमध्यसागराकडचे, मोठे. पुढे एकोणिसाव्या शतकात त्याच्या जागी वेस्ट इंडीजमधील लहान, कागदी जातीचे लिंबू आले; नाव आणि आंबटपणा सारखा, म्हणून कोणी शंका घेतली नाही. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्री-शास्त्रज्ञांनी गिनीपिगांवर प्रयोग करून १९१८ साली दाखवले की, ह्या लहान लिंबाच्या ताज्या रसात मोठ्याच्या सुमारे चौथा हिस्साच गुण आहे आणि बाटलीत साठवलेला रस तर निरुपयोगी आहे.

मग वाळवंटात करायचे काय? ह्याच मंडळींनी दुसरा उपाय तपासला: मोड आलेली कडधान्ये. कोरड्या दाण्यात जे नाही, ते भिजवून मोड काढल्यावर उत्पन्न होते. स्कर्व्ही झालेल्या सर्बियन सैनिकांवर एका इंग्रज डॉक्टराने ह्याचा पडताळा घेतला, तेव्हा मोड आलेल्या घेवड्याने लिंबाच्या रसाहूनही बरा गुण दिला. शास्त्रज्ञांनी लष्करासाठी कृतीही लिहून दिली. दाणे दिवसभर पाण्यात भिजवावेत, ओल्या फडक्यात पसरून दोनेक दिवस ठेवावेत, फार वेळ शिजवू नयेत. साताऱ्याच्या कोणत्याही घरात मटकीच्या उसळीसाठी जे होते, तेच. एकच अट त्यांनी आवर्जून घातली होती, की दाणा अखंड, टरफलासकट असला पाहिजे. हिंदी शिपायाच्या शिध्यात नोंद होती ती डाळीची. आणि डाळ म्हणजे भरडलेला दाणा, त्याला मोड येत नाहीत.