तारा किती, यापेक्षा तारा कशा मिळवल्या

तंबोऱ्याला तारा अवघ्या चार. तरी त्यातून उपस्वरांचा केवढा समुदाय उमटतो! सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली कोलकात्याहून प्रसिद्ध केलेल्या निबंधात या समृद्धीचे मूळ घोडीच्या वक्र पृष्ठभागात दाखवले. नादाची श्रीमंती तारांच्या संख्येवर ठरत नाही, हे तेथेच सूचित झाले होते. पुढे गिटारला हाच धडा वेगळ्या वाटेने शिकावा लागला.

ब्रिटिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’त दोन दांड्यांची गिटार वाजवीत. एका दांडीवर सहा तारा, दुसरीवर बारा. प्रत्येक दांडीची स्वरजुळणी स्वतंत्र ठेवता येई. बोटे मात्र एका वेळी एकीवरच फिरत. पुढे एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ हा वाद्यवृंद उभा राहिला, तेव्हा त्यांनी दुसरी दांडी सोडली. नव्या गिटारमध्ये सहा मुख्य तारांखाली सात तरफा तिरप्या बसवल्या होत्या.

तरफ अनुनादाने बोलते आणि अनुनाद फार काटेकोर असतो. षड्ज २४० हर्ट्झ मानल्यास ५:४ या गुणोत्तराचा शुद्ध गंधार ३०० हर्ट्झवर येतो. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करतात. त्यांचा गंधार सुमारे ३०२.४ हर्ट्झ. एवढ्याशा अंतरानेही ३०० हर्ट्झला मिळवलेली तरफ जवळजवळ मूक राहते. तार ताणून स्वर चढवता येतो, उतरवता येत नाही. म्हणून शुद्ध गंधार हवा असेल तर कोमल गंधाराच्या पडद्यावरून तार खेचून तो गाठावा लागतो. ‘शक्ती’च्या गिटारमध्ये पडद्यांमधील लाकूड खोलगट कोरले होते, ते अशाच वीणेसारख्या खेचीसाठी.

भारतीय वादकांनी पडद्यांनाच बगल दिली. ब्रिजभूषण काबरा यांनी हवाईयन गिटारच्या तारांवर धातूचा दांडू सरकवीत रागसंगीत मांडले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त त्यांचे वादन ऐकता येते. सरकत्या दांडूला कोणताही गंधार वर्ज्य नाही. विश्वमोहन भट्ट यांनी त्यात तरफांची भर घालून ‘मोहन वीणा’ घडवली; १९९४ साली राय कूडर यांच्यासह तिला ग्रॅमी मिळाले.

तरीही एक कष्ट कोणत्याच रचनेने टळलेला नाही. राग बदलला की तरफा पुन्हा मिळवाव्या लागतात, आणि तेव्हा मोजमाप शेवटी कानाचेच असते.