साबणाची पिशवी आणि जीवनाचा धागा

श्रोतेहो, ठाण्याच्या वागळे इस्टेटीचे नाव आपण ऐकलेच असेल. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला, तो तिथेच. आज तिथल्या कित्येक कारखान्यांच्या जागी संगणकाच्या कचेऱ्या उभ्या आहेत. पण अशा वसाहतींतल्या रंगाच्या नि औषधांच्या कारखान्यांना एक पदार्थ नेहमीच लागत आला आहे. तो म्हणजे साबणाच्या जातीचा. शास्त्रज्ञ त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. त्याच्या कणाचे डोके पाण्याकडे ओढ घेते, शेपटी तेलाकडे. कपड्यावरचा तेलकट मळ निघतो तो याच दुहेरी स्वभावामुळे.

त्याच १९६२ साली डीएनएच्या रचनेचा शोध लावल्याबद्दल क्रिक, वॉटसन आणि विल्किन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आईबापांचे गुण लेकरांत उतरतात ते या धाग्यावाटे. पुढे १९६४ साली केंब्रिजजवळच्या बाब्रॅहम येथील अॅलेक बँगहॅम यांनी दाखवून दिले, की दोन शेपट्यांचे स्निग्ध कण पाण्यात सोडले की ते आपसूक दुहेरी भिंतीच्या चिमुकल्या पिशव्या बनवतात. साबण आणि डीएनए यांची गाठ पडायला मात्र आणखी वीसएक वर्षे जावी लागली.

गाठ घालायचीच कशासाठी, असे तुम्ही विचाराल. आजारी पेशीत चांगला डीएनए पोचवता आला तर काही आनुवंशिक रोगांवर इलाज करता येईल, ही आशा. पण नुसता डीएनए आत शिरत नाही. त्याच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो, पेशीच्या भिंतीवरही बहुधा ऋणच. दोघे एकमेकांना दूर लोटतात. १९८७ साली अमेरिकेत फिलिप फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी धन भाराच्या स्निग्ध पिशव्या बनवल्या. डीएनए त्यांना चिकटला आणि त्यांच्यासोबत पेशीत उतरला.

या चिकटण्यात एक मौज आहे. डीएनएभोवती सुटे धन कण घोटाळत असतात, पिशवीभोवती ऋण कण. धागा आणि पिशवी एकमेकांना बिलगली की या पहारेकऱ्यांचे काम संपते. ते पाण्यात मोकळे फिरू लागतात. बांधणीला मोठे बळ मिळते ते त्यांच्या या मोकळेपणातून.

१९८९ साली तर असे दिसले, की धन आणि ऋण भाराचे साधे, एकेका शेपटीचे साबण योग्य प्रमाणात मिसळले तरी पिशव्या आपोआप तयार होतात. त्या डोळ्यांनी पाहायच्या कशा? पाणी सुकवले तर पिशवी मोडते. मिनेसोटात संशोधन करणारे आणि पुढे पवईच्या आय. आय. टी.त प्राध्यापक झालेले जयेश बेल्लारे यांनी सहकाऱ्यांसह १९८८ साली यावर एक साधन मांडले. नमुना इतक्या झपाट्याने गोठवायचा, की पाण्याचे स्फटिक होऊच नयेत. मग आतली रचना आहे तशी सूक्ष्मदर्शकात दिसते. आपल्याकडच्या माणसाचे हे काम शाळांतून सांगायला हवे.

बांधणे झाले, आता सोडणे. खरी अडचण इथेच आहे. घट्ट धरलेला डीएनए पेशीत जाऊन बांधलेलाच राहिला तर उपयोग काय? परीक्षानळीत तोड सोपी निघाली: शॅम्पूत असतो तसा ऋण साबण थोडा घाला. धन साबणाला हा सोबती अधिक जवळचा वाटतो. भार विरुद्ध, शिवाय शेपट्याही एकमेकींत मिसळतात. तो डीएनएचा हात सोडून देतो. १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या शू आणि सोका यांनी दाखवले, की पेशीतही बरेचसे असेच घडत असावे. पेशीच्या आतल्या पडद्यातील ऋण स्निग्ध कण पुढे येतात आणि धागा सुटतो. तरीही २०१३ च्या एका अभ्यासात, आत नेलेल्या आरएनएपैकी शंभरातले एकदोनच भाग नेमक्या जागी सुटलेले आढळले.

शिक्षकबंधुभगिनींनो, कांदा वाटून त्यात मीठ आणि भांड्यांच्या साबणाचे पाणी घाला, गाळा आणि वरून थंड स्पिरिट अलगद ओता. पांढरे तंतू वर येतील. त्यात डीएनए असतो. हा साबण बहुधा ऋण भाराचा असतो. म्हणून तो पेशीचे पडदे फोडतो, पण डीएनएला चिकटून बसत नाही.

हीच विद्या पुण्यात लशीच्या कामी आली. जेनोव्हा कंपनीच्या करोनावरील लशीला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मंजुरी मिळाली. तिच्यात डीएनएचा भाऊबंद आरएनए हा धन भाराच्या सूक्ष्म स्निग्ध थेंबांवर चिकटवलेला आहे. अशा जातीच्या पहिल्या परदेशी लशीला आरंभी उणे सत्तर अंशांच्या आसपासची थंडी लागे. ती आपल्या आरोग्यकेंद्रांत कुठून आणायची? पुण्याची लस २ ते ८ अंशांवर टिकते, म्हणजे केंद्रातल्या नेहमीच्या लशींच्या शीतपेटीत मावते. जून २०२३ मध्ये तिची नवी आवृत्ती सुकवलेल्या भुकटीच्या रूपात आली. सुईवाचून त्वचेत देण्याची सोयही होती. तोवर साथ ओसरली होती.