एफटीपी, मोडी आणि संहितांचे स्थलांतर

१९ एप्रिल २०२१ रोजी फायरफॉक्स या ब्राउझरची ८८ वी आवृत्ती आली. फाईलींची ने-आण करण्याची एफटीपी ही जुनी पद्धत तीत मुळातच बंद ठेवलेली होती. जुलैमधल्या ९० व्या आवृत्तीतून ती काढूनच टाकण्यात आली. क्रोमने हेच पाऊल त्याच वर्षीच्या जानेवारीत उचलले आणि ऑक्टोबरमध्ये ते पूर्ण केले. मराठीच्या विद्यार्थ्याने या घटनेची दखल का घ्यावी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

या पद्धतीचा पहिला लेखी आराखडा १६ एप्रिल १९७१ चा. तो लिहिणारे अभय भूषण हे कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. त्या वेळी ते अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये होते. योगायोग असा, की त्याच वर्षी मायकेल हार्ट यांनी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकून 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'चा पाया घातला. पुढे या प्रकल्पाचे ग्रंथ वाचकांपर्यंत पोचले ते बऱ्याच अंशी एफटीपीनेच. १९८५ साली जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनी पद्धतीचे नियम नव्याने शब्दबद्ध केले, आणि तेच पुढे प्रमाण ठरले.

या पद्धतीत एक सार्वजनिक शिष्टाचार रूढ झाला होता. नावाच्या जागी 'अनॉनिमस', म्हणजे 'अनामिक', असे लिहायचे आणि परवलीच्या शब्दाच्या जागी सौजन्य म्हणून आपला ई-मेल पत्ता द्यायचा. मग समोर उघडे कपाट यावे तशी फाईलींची यादी येई: नाव, आकार, तारीख. १९९० साली मॅकगिल विद्यापीठात तयार झालेली 'आर्ची' ही अशा विखुरलेल्या कपाटांची पहिली शोधसूची. ब्राउझर आले तेव्हा त्यांनी ही कपाटे कोणत्याही वेगळ्या साधनाविना सामान्य वाचकाला उघडून दिली.

भारतीय भाषांच्या दृष्टीने यातील एक बारकावा महत्त्वाचा आहे. एफटीपीत फाईल दोन प्रकारे नेता येते: 'मजकूर' म्हणून किंवा जशीच्या तशी. मजकुराची मूळ कल्पना सात बिटांच्या रोमन लिपीवर आधारलेली. देवनागरीसाठी वरचे संकेत वापरणारी फाईल किंवा खुद्द फाँट चुकीच्या प्रकाराने नेला, तर तो बिघडण्याची शक्यता असे. अविनाश चोपडे यांच्या 'आयट्रान्स'सारख्या लिप्यंतर-पद्धतीचे मोल येथे कळते. मराठी-संस्कृत मजकूर साध्या रोमन अक्षरांत लिहायचा, तो निर्धोक पाठवायचा आणि पलीकडे त्याची देवनागरी करायची. भारतात व्ही.एस.एन.एल.ने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. युनिकोड रुळेपर्यंत आपल्या संहितांना असा वेषांतर करूनच प्रवास करावा लागत होता, आणि त्या वेषांतराच्या खुणा हाही भाषेच्या इतिहासाचा भाग आहे.

एफटीपी सोडण्याची ब्राउझरांची कारणे योग्यच होती. या पद्धतीत परवलीचा शब्द आणि मजकूर दोन्ही उघडे जातात. वाटेत कोणी ते वाचू किंवा बदलू शकतो. वापरणारेही थोडे उरले होते. शिवाय एफटीपी संपलेली नाही. स्वतंत्र प्रोग्राम घेऊन ती आजही वापरता येते. मात्र असणे आणि पोचता येणे यांत अंतर असते. आमचे नाहूर गाव जुने, रेल्वे स्थानक २००६ चे. स्थानक नव्हते तेव्हाही गाव होतेच. पण तिथे जायचे तर भांडुपला किंवा मुलुंडला उतरावे लागे, आणि वाट ठाऊक असणाराच ते करी. एफटीपीच्या कपाटांबाबत हा क्रम उलटा झाला आहे, असलेले स्थानक उठले आहे.

मराठीला हा अनुभव नवा नाही. छापखान्यांनी बाळबोध स्वीकारली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतूनही गेली. कागद दप्तरांत शाबूत राहिले, वाचक मात्र तज्ज्ञांपुरते उरले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. ही कामे थोरच. पण सरदेसायांच्या खंडांबाबतचा 'निवडक' हा शब्द विसरता येत नाही. जे छापले गेले त्यावर इतिहास लिहिला गेला. जे रुमालात राहिले ते पुष्कळांच्या लेखी नसल्यासारखेच झाले.

आमच्या मते मुद्दा येथेच आहे. एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर मजकूर हलवणे हे वरकरणी तांत्रिक काम वाटते. वस्तुतः ते संपादन असते. काय न्यायचे, कोणती आवृत्ती ठेवायची, टंकणाऱ्याचे नाव, तारीख आणि सोबतची टीप जपायची की नाही, हे कोणीतरी ठरवतच असते. राजवाडे-सरदेसायांना आपण संपादन करीत आहोत याची जाणीव होती. त्यांच्या निवडीशी आज वादही घालता येतो, कारण मूळ दप्तर शिल्लक आहे. जुना सर्व्हर बंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला ती जाणीव असण्याचे कारण नाही, आणि त्याच्यामागे दप्तरही उरत नाही.

म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ज्या प्रबंधांच्या तळटीपांत एफटीपीचे पत्ते आहेत, ते पत्ते ब्राउझरमध्ये उघडत नाहीत एवढ्यावरून संदर्भ बाद समजू नयेत; वेगळा प्रोग्राम वापरून मूळ फाईल मिळते का ते पाहावे आणि आवृत्ती व तारखेसह तिची नोंद करावी. दुसरे, आपल्या विभागाच्या जुन्या संगणकांवरील संहिता हलवताना आधी संपूर्ण यादी करावी, आणि जे नेले नाही त्याचीही नोंद तीत ठेवावी. पाठचिकित्सा शिकवताना पाठभेदांची कारणे सांगताना आपण लेखनिकाचा प्रमाद आणि वाळवी यांचा उल्लेख करतोच. त्या यादीत आता बदललेल्या वाटेचीही भर घालावी लागेल.